हळदीकुंकवाच्या फ्लेक्ससाठी तीन दिवस पालवीच्या मागे

गेल्या वर्षी आमच्या चारकोपच्या सोसायटीत चैत्रगौर बसली ती मेपलच्या पानांपुढे. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई वृषाली, त्यांच्या मुलाने नेटवर 'स्प्रिंग लीव्ह्ज' शोधलं, जे पहिलं आलं ते दहा बाय आठच्या फ्लेक्सवर छापून आणलं आणि गौरीच्या पाठीमागे टांगलं. म्हणजे पुढे पितळी पाळण्यात गौर, तिच्यासमोर कैरीची डाळ, पन्हं, कलिंगडाचं कमळ, आणि मागे कॅनडा. चाळीस बायका आल्या, चाळीसजणींनी त्याच्यापुढे सेल्फी काढले. हे पान आपल्याकडे उगवत नाही, हे एकीच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण त्या वेळी हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात होतं आणि मी फार बिझी होते.

यंदा दिवाळीनंतर माझे यजमान गेले. त्यानंतरचा हा पहिला चैत्र. पाडवा झाल्यावर एका संध्याकाळी वृषाली दारात उभी. चपला पायातच.

"काकू, यंदा आपण थीम ठेवलीये. सृष्टीप्रति कृतज्ञता! तर फ्लेक्सवर आपल्या मुंबईची खरी पालवी हवी. तुम्ही फोटो किती मस्त काढता. हिरवंगार, फ्रेश काहीतरी द्या ना."

"देते. आणि गौरीची मांडणी?"

"ती यंदा चौथ्या मजल्यावरची प्राजक्ता बघणारे. तुम्हाला कशाला उगाच दगदग!"

मांडणी गेली तेवीस-चोवीस नव्हे, चांगली सव्वीस वर्षं मी करत होते. दगदग कोणाला या सव्वीस वर्षांत दिसली नव्हती. ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: हळदीकुंकू सवाष्णींचं असतं. नवरा गेला की बाईला त्याचं बोलावणं येत नाही. 'येऊ नका' असं तोंडावर कोणी म्हणत नाही, तेवढे आपण सुधारलो आहोत. हातात फक्त दुसरं काम देतात. मला कॅमेरा मिळाला. शिवाय डाळ करायचं कामही माझ्याकडेच राहिलं, कारण माझ्या हातची डाळ चालते, कपाळ चालत नाही.

मी तीस वर्षं एका विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासले. माणूस खोटं बोलतो आहे हे मला फाईल उघडायच्या आत कळतं. वृषालीचंही कळलं. तरी मी हो म्हटलं, कारण मला त्या दिवशी हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसायचं होतं. दाराशी नाही, स्वयंपाकघरात नाही, पुढे. असा फोटो आणायचा की मला मागे बसवायची यांची हिंमत होऊ नये, एवढं मनात धरून मी शैलाला फोन लावला.

शैला माझी नणंद. माझ्याहून चार वर्षांनी लहान, मुलुंडला एकटी राहते, तिथल्याच एका शाळेत क्लार्क आहे. लालबागच्या चाळीत वाढली तरी घरातलं मालवणी तिने जिभेवरून उतरू दिलेलं नाही.

"कृतज्ञता म्हंजे नक्की काय गो करूचा?" तिने विचारलं.

"कोवळ्या पानांचे फोटो काढायचे."

"मगे तसा सांग ना," ती म्हणाली आणि तीन दिवसांची रजा टाकून आली.

दिवस पहिला: बोरिवली

नॅशनल पार्कला जायचं तर सकाळी साडेसातला गेटवर हजर राहा आणि सोमवार टाळा, सोमवारी बंद असतं. चारकोपहून रिक्षा सव्वाशे-दीडशेच्या घरात घेते. तिकीट माणशी शंभरच्या आसपास. पाणी घरून न्या, टोपी न्या, आणि जमलं तर दुसऱ्या माणसांना घरी ठेवून या.

कारण आत शिरताच पंधरा-वीस जणांचा एक फोटोवॉक भेटला. सगळ्यांच्या अंगात एकसारखे पोपटी टीशर्ट, छातीवर 'थँक यू, नेचर'. त्यांचा गुरू पोनीटेलवाला. त्याने एका हातात पाण्याचा फवारा धरला होता आणि दुसऱ्या हातात खोबरेल तेलाची छोटी बाटली. आधी तो कापसाने पानाला तेल चोपडायचा, मग त्यावर पाणी फवारायचा, म्हणजे थेंब टपोरे उभे राहतात. मग वीस कॅमेरे त्या एका पानावर तुटून पडायचे. फोटो झाला की सगळे डोळे मिटून हात जोडायचे. पान बिचारं भजीसारखं चकाकत होतं.

मी विचारलं, "हे दव कुठल्या महिन्यातलं?"

"मॅम, दव आर्टिफिशियल असलं तरी भावना ओरिजिनल आहे," गुरू म्हणाला.

"तेल लावल्यान, आता फोडणी तेवढी रवली," शैला माझ्या कानाशी लागली. मला इतकं हसू आलं की दोन पोपटी बायकांनी डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं.

पुढे रस्त्याच्या वळणावर कोशिंबाचं झाड उभं होतं. ज्यांनी चैत्रातला कोशिंब पाहिला नाही त्यांना सांगून पटणार नाही. आख्खं झाड लाल. फुलं नव्हेत, पानं. कोवळी, लुसलुशीत, उन्हात आरपार दिसणारी लाल पानं, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत. आपल्याकडची बरीच झाडं अशीच करतात. पिंपळ गुलाबी फुटतो, आंबा तांबूस, मोह तर तांब्याच्या भांड्यासारखा. हिरवा रंग नंतर येतो, पंधरा-वीस दिवसांनी, पान जून व्हायला लागलं की. कोवळा हिरवागार वसंत ही आपल्याला कॅलेंडरवाल्यांनी शिकवलेली गोष्ट आहे.

मी कॅमेरा लावते तोच मागून गुरूचा आवाज आला. "मॅम, ते वाळलंय. ग्रीन इकडे आहे!" इकडे म्हणजे पाइपने पाणी घातलेली कुंपणाची मेंदी. सगळी पलटण कोशिंबाकडे पाठ करून मेंदीचे आभार मानायला गेली.

फोटो झकास आला. मी तिथूनच वृषालीला पाठवला. उत्तर दोन मिनिटांत: 'काकू सुपर!! पण हे ऑटम वाटतंय ना. ग्रीन हवंय. लाल नको प्लीज.' खाली जोडलेल्या हातांची रांग. मी फोन पर्समध्ये टाकला. बोरिवली स्टेशनजवळ आम्ही उपमा खाल्ला, त्यात रवा कमी आणि डालडा जास्त होता.

दिवस दुसरा: अंधेरी, घाटकोपर

दुसऱ्या दिवशी मेट्रोने अंधेरी. चारकोपकरांसाठी हा एक उपकार झाला आहे, गारेगार बसून जाता येतं. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत एका बंद शेडच्या भिंतीतून पिंपळ फुटला आहे, तो मला ठाऊक होता. गेले तर पिंपळ होता, गुलाबी पानंही होती, पण त्याच्या पुढे कोणीतरी 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी लावून तिच्याखाली कचरा टाकला होता. फ्रेममध्ये पाटी आली की कचरा येईना, कचरा आला की पिंपळ येईना. असो.

त्याच गल्लीच्या टोकाला शूटिंग चाललं होतं. देशी बदामाच्या झाडाला शिडी लावून दोन माणसं वर चढली होती आणि तारेने फांद्यांना पानं बांधत होती. प्लास्टिकची, गर्द हिरवी, पोत्यातून आणलेली. मी कॅमेरा उचलताच खालचा एक जण धावत आला.

"मॅडम, फोटो अलाउड नाय हां."

"ही पानं प्लास्टिकची आहेत."

"मग? सीन स्प्रिंगचा आहे. झाड रेडी नाय."

मी वर पाहिलं. बांधलेल्या पानांच्या मधेमधे बदामाचे स्वतःचे कोंब टोकदार होऊन वर आले होते. फिकट पोपटी, मेणबत्तीच्या ज्योतीएवढे. आठ दिवसांत ते झाड आपणहून भरलं असतं, आणि एक रुपया न घेता.

"आठ दिवस थांबा की," शैला म्हणाली.

"मावशी, आठ दिवसांनी हिरॉईन दुबईला असेल," तो म्हणाला, आणि हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की मला त्याचा रागही धड आला नाही. बोरिवलीच्या गुरूपेक्षा हा बरा. याने निदान हात तरी जोडले नाहीत.

मग मेट्रोने घाटकोपर, तिकीट तीस-चाळीस रुपये. खाऊ गल्लीत संध्याकाळी डोसा खायला जा, पण चीज, मेयोनीज, चायनीज असलं काही नको असं आधीच ओरडून सांगा, नाहीतर तुमचा डोसा तुम्हाला ओळखू येणार नाही. आमच्या ताटलीतली हिरवी चटणी ही दिवसभरातली सगळ्यात हिरवी गोष्ट होती. ती खात मी शैलाला वृषालीच्या नकला करून दाखवल्या. तिच्या चपला, तिचं 'दगदग', तिचं 'प्लीज ना'. शैला हसली, पण बेताने. मला वाटलं, थकली असेल. मुक्काम तिच्याकडे मुलुंडला.

दिवस तिसरा: मुलुंड

सकाळी सातला शैलाने मला उठवलं आणि बिल्डिंगच्या गेटबाहेर नेलं. "माझ्या दारातला झाड बघ. तू कधी येवकच नाय हंगामात."

करंज. आणि करंज मात्र हिरवा फुटतो. गेली दहा वर्षं मी पालवीचे फोटो काढते आहे, पण असा हिरवा मी पाहिला नव्हता. एक पान जुनं नाही, एक पान फाटकं नाही, धूळ बसायलाही अजून वेळ मिळालेला नाही. कोवळ्या उन्हात सगळं झाड ओल्या रेशमासारखं हलत होतं. खाली एक पांढरी स्कूटर होती, तिच्या सीटवरसुद्धा हिरवा उजेड पडला होता.

मी इथे खोटं लिहिणार नाही. माझे डोळे भरून आले. दिवाळीपासून मी कोणाचेही आभार मानले नव्हते, डॉक्टरांचे नाही, भेटायला आलेल्यांचे नाही, देवाचे तर नाहीच नाही. त्या झाडाखाली उभं राहून मला वाटलं, हे दिसलं, बरं झालं. ज्याने केलं असेल त्याने बरं केलं. हात वगैरे जोडले नाहीत. शटर दाबत राहिले.

झाडलोट करणाऱ्या बाई खराटा घेऊन शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा सोहळा शांतपणे पाहून घेतला.

"आता आलाव व्हय फोटो काढायला," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांपूर्वी यायचं. ह्याची सगळी पानं मीच उचलली, रोज चार पाट्या. तवा कुणी आलं न्हाई."

"ऐकलंस?" शैला मला म्हणाली. मी ऐकलं होतं, आणि माझ्याबद्दल ते नाही असं समजून पुढचा फोटो घेतला.

करंजाचा फोटो वृषालीला पाठवला. 'परफेक्ट!!! हाच हाच!!!' मग आम्ही दोघी चारकोपला निघालो. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू होतं, डाळीसाठी पाच किलो कैऱ्या किसायच्या होत्या, आणि त्या किसायला शैला दर चैत्रात माझ्याकडे येते. लिंक रोडने जाणारी बस धरली. वेळ दीड तास धरा, म्हणजे अडीच तासांत पोहोचाल.

कांजूरमार्गला बस अडकली. डम्पिंगचा वास खिडकीतून आत आला तसा माझ्या तोंडाचा पट्टाही सुरू झाला. म्हटलं, "बघ, फोटो हवा माझा, डाळ हवी माझी, फक्त मी नको. सव्वीस वर्षं ज्या हॉलमध्ये मी राबले तिथे आता मला दाराशी उभी करणार. मला कळत नाही असं वाटतं यांना? कॅमेरा कशासाठी हातात दिला ते मला चांगलं कळतं."

शैला खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तुका कळता ना? मगे माझ्या हातात किसणी दिलंस, तेव्हा?"

मी कॅमेऱ्याचं झाकण काढून परत लावलं.

"चोवीस वर्सां मी तुझ्यासाठी कैऱ्यो किसतंय, आणि मगे हॉलमागच्या सैपाकघरात बसतंय. भायर बायका कुकू लावून घेतत, हसतत, ता माका दारातसून दिसायचा. तू एक दिवस तरी म्हटलंस, शैला, भायर ये?" तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेच्या रजिस्टरमधली नोंद वाचावी तशी ती बोलत होती. "मी तुका बोल लावीत नाय. तू बोलतंस म्हणान आठवला. खिडकी लाव, वास येता."

शैलाचा नवरा गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. त्या वर्षीच्या चैत्रात मीच तिला म्हटलं होतं, "तू आत बस, बाहेर तुला उगाच दगदग." शब्दसुद्धा तोच. तीस वर्षं लोकांच्या फायली तपासणाऱ्या बाईला स्वतःची एवढी मोठी फाईल दिसली नाही. मी खिडकी लावली. 

परत चारकोप

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फ्लेक्स दोन तासांत मिळतो, खर्च दोन हजारांच्या आत. फ्लेक्सवाल्याने करंज स्क्रीनवर घेतला, खालीवर केला आणि विचारलं, "ताई, फेस कोणाचे टाकायचे?"

"कोणाचे नाहीत."

"नुसती पानं?" त्याला माझी दया आली. "निदान कोपऱ्यात अध्यक्षांचा पासपोर्ट साइज टाकूया. खाली मोकळं वाटतंय."

फ्लेक्स नुसत्या पानांचा झाला. तो घेऊन मी थेट वृषालीच्या दारात गेले आणि सांगितलं की उद्या मी आणि शैला पुढच्या रांगेत बसणार आहोत. मनात भांडण पूर्ण तयार होतं. पण ती म्हणाली, "बसा ना काकू. आम्ही कधी नको म्हटलं?" आणि ते खरं होतं. कोणीच कधी नको म्हणत नाही. मी तरी शैलाला कुठे म्हटलं होतं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गौरीच्या मागे मुलुंडचा करंज टांगला होता. बायका त्यापुढे उभ्या राहून फोटो काढत होत्या. 'हे कुठलं, केरळ का?' असं दोघींनी विचारलं. एकीने 'एआयने केलंय ना?' असं विचारलं, तिला मी उत्तर दिलं नाही. शैला माझ्या शेजारी पुढच्या रांगेत बसली होती, मोरपंखी साडी नेसून. ती साडी मी आजवर पाहिली नव्हती.

प्राजक्ता ताट घेऊन रांगेतून आली. पहिली, दुसरी, तिसरी, आणि मग आमच्यापुढे येऊन थबकली. चेहरा असा की कोणीतरी पटकन पुढचं सांगावं. हॉलमधल्या गप्पा बारीक झाल्या. मी उठले, तिच्या हातातून ताट घेतलं, बोटाला कुंकू लावलं आणि शैलाकडे वळले. चाळीस बायका बघत होत्या, आणि खरं सांगते, त्या बघत आहेत याचं मला बरं वाटत होतं.

शैलाने माझं मनगट धरलं.

"नको गो."

"का? लावून घे ना. मी लावते आहे."

"एकतीस वर्सांची होतंय तेव्हा व्हया होता," ती हळूच म्हणाली. "आता नको. माका डाळ वाढ."

मी ताट प्राजक्ताच्या हातात परत दिलं आणि शैलाला डाळ वाढली. ती पुढच्या रांगेत बसून सावकाश जेवली, पन्हं दोनदा मागून घेतलं. मला कुंकू लावायला कोणी आलं नाही, आणि मला त्याची आठवण घरी आल्यावर झाली.

तिला रिक्षात बसवताना मी म्हटलं, "शैला, माझं चुकलं."

"म्हायत असा," ती म्हणाली आणि रिक्षावाल्याला मेट्रो स्टेशन सांगितलं.

तर तुम्हाला जायचं असेल तर चैत्राचे पहिले दोन आठवडे बरे. तीन दिवसांचा खर्च फ्लेक्स धरूनही माणशी दोन-अडीच हजारांवर जात नाही. पोपटी टीशर्ट दिसले की रस्ता बदला. साडेचारशे फोटो निघाले, त्यातले दहा ठेवण्याजोगे आहेत. वृषालीने काल ग्रुपवर सगळ्यांना विचारलं की या निमित्ताने प्रत्येकीने लिहा, तुम्ही सृष्टीच्या कोणत्या गोष्टीबद्दल कृतज्ञ आहात. पाऊस, सूर्य, मुलं, गाय अशी उत्तरं येत आहेत. मी अजून काही लिहिलेलं नाही. मला एकच गोष्ट सुचते, की शैला माझ्यासाठी तीन दिवसांची रजा टाकून आली. ती का आली, हे तिला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.